शिडवा नावाचा माणूस

बेटेगाव, तालुका पालघर
२ डिसेंबर १९६२

तीर्थस्वरूप पुंजादादांस,

झुंबरचा नमस्कार. वहिनींनी पाठवलेला फराळ पोचला, पण पोच द्यायची राहून गेली. लढाईच्या धामधुमीत आमची शाळा म्हणजे निम्मी कचेरी झाली होती. सकाळी प्रभातफेरी, दुपारी संरक्षण निधीची सभा, मधल्या वेळात जमलं तर शिकवणं. फळ्यावर खडूनं हिमालय काढून दाखवला, तर पाड्यावरची एक पोरगी विचारते, "गुरजी, यो आपल्या आशेरीच्या गडाहून उंच हाय?"

लढाई थांबली असं रेडिओ सांगतो. इथे ती आता सुरू झाली. पाड्यावर जिवल्या म्हणून एक वारली आहे. दीड एकर वरकस, माळावरची हलकी जमीन, भात झालं की गवत कापायला जातो. सत्तेचाळीस साली वेठ नाकारणाऱ्यांत तो होता, तेव्हा लाल बावट्याच्या कुठल्याशा यादीत त्याचं नाव चढलं. ती यादी पोलिसांनी पंधरा वर्षं जपून ठेवली होती. गेल्या आठवड्यात बोईसरच्या बाजारात सुकट घेता घेता त्याला उचललं. म्हणे हा चीनचा हस्तक!

त्याची बायको बुधी माझ्याकडे आली. शाळेच्या ओट्यावर बसली. मी तिला काय झालंय ते जमेल तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुरजी, त्यो चीन कंच्या तालुक्यात हाय? मी जाऊन सांगून येते, आमचा त्याच्याशी काय संबंध नाय."

दादा, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चार दिवस बसून कथा लिहिली. नाव 'चीन कंच्या तालुक्यात'. सोबत रजिस्टरनं पाठवत आहे. नक्कल करायला वेळ मिळाला नाही, ही एकच प्रत आहे, जपा. बुधीचं नाव मी नवसी केलंय. जिवल्याचा धाकटा भाऊ सुका त्या दिवशी निसटला आणि अजून फरारी आहे, त्याला शिडवा केलंय. आमच्या आसपास शिडवा नावाचा कोणी नाही, म्हणून मुद्दाम तेच नाव घेतलं. बाकी जसं घडलं तसं.

बोर्डिंगात असताना तुम्ही मला सांगितलं होतं, डोळ्यांनी पाहिलेलं लिही, कानांनी ऐकलेलं लिहू नको. ते या खेपेला जमलंय असं वाटतं. तुमच्या 'अरुणरेखा'त जागा मिळाली तर इंदूला आणि मला फार आनंद होईल.

आपला,
झुंबर


पुणे
१५ डिसेंबर १९६२

प्रिय झुंबर,

अनेक आशीर्वाद. कथा मिळाली. एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. चुलतभाऊ म्हणून नव्हे, सहसंपादक म्हणून सांगतो, गेल्या दोन वर्षांत आमच्या टेबलावर असं काही आलं नव्हतं. नवसीचं ते चीनविषयीचं वाक्य वाचून मी कागद खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

आता व्यवहाराचं बोलतो. दिवस आणीबाणीचे आहेत. आम्हांला कागद सरकारी कोट्यातून मिळतो. दर महिन्याला एक साहेब चहाला येतात, अंक चाळतात, "छान चाललंय" म्हणतात आणि जातात. ते "छान चाललंय" आहे तोवर मासिक आहे. तेव्हा लाल बावट्याचा उल्लेख काढावा लागेल. फौजदार जिवल्याच्या तोंडात मारतो, तेही नको. शेवट थोडा उजेडाकडे नेता आला तर पाहा. वाचकाला आज उमेद हवी आहे.

एक विचारायचं होतं. शिडवा कोळगावच्या रस्त्यावरच्या गवताच्या वखारीत दुसऱ्याच्या नावावर गठ्ठे बांधायला राहतो, तो भाग फार जिवंत उतरला आहे. मागे एका हंगामात दाबाच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची करंगळी मुळापासून गेली आहे आणि तो हात पदराखाली लपवावा तसा लपवतो, वगैरे. हे तू पाहिलं आहेस की रचलं आहेस? टीकाकार हल्ली विचारतात. रचलेलं असेल तर जरा कमी करू.

वहिनीचा इंदूला आशीर्वाद.

तुझा,
पुंजाराम


बेटेगाव
२४ डिसेंबर १९६२

तीर्थस्वरूप दादांस,

तुमचं पत्र आठ वेळा वाचलं. इंदू म्हणाली, आता पाठ झालं असेल तर मला चूल पेटवायला द्या.

रचलेलं विचारलंत म्हणून सांगतो, एक अक्षर रचलेलं नाही. मी स्वतः पाहिलंय. बुधीनं भाकरी आणि चटणी बांधून दिली होती, ती घेऊन मी त्या वखारीत गेलो. सुका तिथेच आहे. गवताच्या गंजीआड आम्ही अर्धा तास बसलो. तो हात लपवतो ते मी या डोळ्यांनी पाहिलं, तसंच्या तसं उतरवलं. हे मात्र तुमच्यापुरतं ठेवा.

बावटा काढा. तोंडात मारलेली काढा, काढताना माझ्या तोंडात मारल्यासारखं होईल, पण काढा. शेवटाला मात्र हात लावू नका. नवसी तालुक्याच्या कचेरीसमोर दिवसभर बसते आणि संध्याकाळी घरी जाते, एवढाच शेवट आहे. त्याहून जास्त उजेड माझ्याजवळ नाही.

जिवल्याला कुठल्या तुरुंगात ठेवलंय ते कोणी सांगत नाही. मी बुधीच्या नावानं तीन अर्ज लिहिले. प्रत्येक वेळी ती विचारते, "यात बराबर लिवलं ना, गुरजी?" मी म्हणतो, बरोबर लिहिलंय.

आपला,
झुंबर


(कार्ड)
पुणे, ११ जानेवारी १९६३

प्रिय झुंबर,

कथा मार्चच्या अंकात घेत आहोत. किरकोळ डागडुजी आमच्याकडे लागली. एका रसिक गृहस्थांना हस्तलिखित वाचायला दिलं होतं, त्यांनाही फार आवडलं. "गोष्ट खरी वाटते" म्हणाले. लेखकाला याहून मोठी पावती कोणती? प्रकृती जपणे.

पुंजाराम


बेटेगाव
३ फेब्रुवारी १९६३

दादा,

सुकाला धरलं.

मी हे शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो आहे. वखारीत गठ्ठे बांधणारा दादू परवा माझ्याकडे आला. त्यानं जे पाहिलं ते त्याच्याच शब्दांत सांगतो. सकाळी आठच्या सुमाराला गाडी आली. फौजदार आणि सहा शिपाई. सगळ्यांना गंजीसमोर रांगेत उभं केलं. फौजदारानं विचारलं, "तुमच्यात शिडवा कोण?"

कोणी बोललं नाही. बोलणार कसं? वखारीत सुकाचं नाव रामा होतं. घरी सुका, वखारीत रामा. शिडवा हे नाव त्याला त्याच्या आईनंही कधी दिलं नाही. दादू सांगत होता, "आमी येकमेकाच्या तोंडाकडं बगाय लागलो. सुकापन बगाय लागला, की यो शिडवा कोन म्हनून."

मग फौजदार म्हणाला, "डावा हात पुढे करा." चौघांची बोटं दाबाच्या यंत्रात गेलेली होती, कोणाचं पेर, कोणाचं अर्धं बोट. फौजदार प्रत्येकाचा हात बघत गेला. करंगळी मुळापासून गेलेला एकच निघाला.

दादा, तो शिडवा या जगात नाही. तो फक्त माझ्या कागदावर होता. आणि कागद फक्त तुमच्याकडे होता.

काल बुधी आली. मला म्हणाली, "गुरजी, तुमाला ठावं हाय? शिडवा कोन?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "आसंल कोनतरी. त्याच्यापायी आमचा मानूस गेला."

ते रसिक गृहस्थ कोण होते? उलट टपाली कळवा. माझ्या मनात जे येतंय ते खोटं आहे एवढंच लिहा, मी विश्वास ठेवीन.

झुंबर


पुणे
२६ फेब्रुवारी १९६३

प्रिय झुंबर,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तुझ्या मनाची अवस्था मी समजू शकतो. पण लेखकानं भावनेच्या भरात निष्कर्ष काढू नयेत. एका तालुक्यात एकाच नावाची दहा माणसं असतात. बोट गेल्याची खूण तर गावात प्रत्येकाला ठाऊक असणार. पोलिसांना माहिती द्यायला त्यांच्याच वाडीतला एखादा पुरे. वाङ्मयाचा पोलिसांशी संबंध जोडून तू उगाच स्वतःला जाळून घेत आहेस. इतकं महत्त्व आपल्या लिखाणाला देऊ नये.

सोबत मार्चचा अंक. आपली कथा पहिल्या पानावर घेतली आहे. शीर्षक बदललं, 'चीन' हा शब्द मुखपृष्ठावर नको असं ठरलं. शेवटालाही थोडा हात लावावा लागला. आमच्या वार्षिक स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस द्यायचं घाटत आहे. इंदूला सांग.

पुंजाराम


बेटेगाव
१० मार्च १९६३

श्री. पुंजाराम गायके यांस,

अंक मिळाला. 'रुप्याची साखळी', लेखक झुंबर गायके.

मी ती कथा वाचली. त्यातली नवसी कचेरीसमोर बसत नाही. ती भर सभेत उभी राहते, गळ्यातली रुप्याची साखळी काढते आणि निधीच्या थाळीत टाकते. म्हणते, "माझा नवरा चुकला असेल, मी चुकणार नाही." नंतर शिडवा गर्दीतून पुढे येतो आणि स्वतःहून फौजदाराच्या स्वाधीन होतो. फौजदाराच्या डोळ्यांत पाणी येतं.

हे कोणी लिहिलं? भाषा माझी आहे. "सावली उंबऱ्याशी आली तसा" ही माझी लकब तुम्ही चार ठिकाणी वापरलीत. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, त्याचा उपयोग केलात. आणि साखळी कुठून आणलीत? बुधीच्या गळ्यात काचेच्या मण्यांची माळ आहे. रुपं तिनं दुकानात लांबून पाहिलं असेल.

माझ्या दोन मागण्या आहेत. ही कथा माझी नाही असा खुलासा पुढच्या अंकात छापा. आणि माझी मूळ प्रत परत करा.

तालुक्यात एका नावाची दहा माणसं असतात असं तुम्ही लिहिलंत. ती दहाच्या दहा करंगळी नसलेली असतात का, ते नाही लिहिलंत.

झुंबर गायके


पुणे
२८ मार्च १९६३

झुंबर,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुला ऐकायचंच आहे तर ऐक. सेहेचाळीस साली मी बावट्याच्या कलापथकाला दोन गाणी लिहून दिली होती, टोपणनावानं. तुला ते माहीत नाही. त्यांना माहीत होतं. नोव्हेंबरात आमच्या गल्लीतल्या प्राध्यापकांना त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी नेलं. त्यानंतर चहाला येणारे साहेब माझ्या घरी आले. अत्यंत सभ्य माणूस. कविता वाचतो, चांगल्या वाचतो. त्यानं धमकी दिली नाही. एवढंच म्हणाला, "तुमच्याकडे ठाणे जिल्ह्यातून काही लिखाण येतं का? आम्हांला वाचायला आवडेल." घरात तुझी वहिनी सातव्या महिन्यात होती.

मी कथा दिली. माणूस दिला नाही. तुझं चोवीस डिसेंबरचं पत्र मी कोणालाही दाखवलं नाही, ते चुलीत घातलं. त्यांनी एकच विचारलं, "ही गोष्ट खरी आहे का?" मी हो म्हणालो. तूच मला तसं लिहिलं होतंस, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. खरं सांगतो, तो हो म्हणताना मला आधी तुझा अभिमानच वाटला. भीती नंतर वाटली.

शेवट त्यांनीच सुचवला. लिहिला मी. कारण तो छापला नसता तर त्यांच्याकडे उरलं असतं ते तुझं हस्तलिखित, तुझ्या सुवाच्य अक्षरातलं, फरारी माणूस कुठे आहे हे ठाऊक असलेल्या सरकारी शिक्षकाचं. प्रत त्यांनी मला परत दिली. ती माझ्या कपाटात आहे. जोवर 'रुप्याची साखळी' तुझ्या नावावर आहे, तोवर ती प्रत कोणाला नको आहे. तू खुलासा मागितलास तर ते पुन्हा मागतील.

तू मला काय वाटेल ते म्हण. तू बाहेर आहेस, शाळेत आहेस, इंदूजवळ आहेस, ते त्या शेवटामुळे.

पुंजाराम


पुणे
२० जून १९६५

प्रिय झुंबर,

दोन वर्षांत तुझं एकही पत्र नाही. मी चार लिहिली. असो. तुझी बदली कुंभवलीच्या शाळेत झाल्याचं कळलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात सुरू आहे असं वाचतो, तुमच्या बाजूचं भाग्य उजळणार.

तुला आनंदाची बातमी द्यायची आहे. 'रुप्याची साखळी' सातवीच्या वाचनाच्या एका पुस्तकात घेतली आहे. बऱ्याच शाळांतून ते लागेल. लेखकाच्या नावाखाली तुझा चार ओळींचा परिचय मी लिहून दिला. जानेवारीपासून मी 'अरुणरेखा'चा संपादक झालो. जुनं मनात ठेवू नये.

पुंजाराम


कुंभवली
९ सप्टेंबर १९६५

पुंजाराम भाऊजींना,

इंदुबाईचा नमस्कार. तुमचं पत्र यांनी उघडलं नाही. मी उघडलं. मला फायनलपर्यंत शाळा झालेली आहे, लिहिता वाचता येतं, तेव्हा आता तुम्ही माझ्याशी बोला.

भाग्य उजळण्याचं तुम्ही लिहिलंत. ते कसं उजळलं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात सुका तुरुंगात तापानं गेला. बेटेगावला सरकारी कागद आला. पाड्यावर वाचणारं कोणी नाही, म्हणून बुधी तो घेऊन यांच्याकडे आली. यांनीच तो वाचून दाखवला. तिनं विचारलं, "बराबर वाचलं ना, गुरजी?" त्या दिवसापासून यांनी घरातली दौत उचलून माळ्यावर ठेवली. बदलीसुद्धा यांनी स्वतः मागून घेतली. बुधी वाटेत भेटेल या भीतीनं गाव सोडलं, हे मला कळत होतं, मी बोलले नाही.

मग तुमचं ते पुस्तक आलं. ऑगस्टात तपासनीस साहेब शाळेत आले. म्हणाले, वा, लेखक आपल्याच शाळेत! मग धडा तुम्हीच शिकवा, आम्ही ऐकतो. यांनी धडा वाचला. मी शाळेजवळच राहते, खिडकीतून आवाज येत होता. शेवटपर्यंत नीट वाचला. खाली प्रश्न होता, नवसीने साखळी का दिली? साहेबांनी एका मुलीला उभं केलं. ती म्हणाली, देशासाठी. साहेब खूश.

तेव्हा हे म्हणाले, "चूक. तिनं दिली नाही. तिच्याजवळ साखळी नव्हती."

साहेबांना वाटलं गंमत आहे, हसले. हे म्हणाले, "मुलांनो, हा धडा मी लिहिलेला नाही. दौती काढा. माझं नाव जिथे छापलंय तिथे शाई लावा. नीट लावा, वाचता येता कामा नये." सदतीस मुलं आहेत वर्गात. सदतीस मुलांनी नाव खोडलं.

आता यांना निलंबित केलंय. सरकारी पुस्तकाची नासधूस आणि आणीबाणीत गैरवर्तन, असं कलम लावलंय. नोकरी जाणार असं सगळे म्हणतात. जाऊ दे. त्या दिवशी घरी आल्यावर यांनी दोन वर्षांनी पोटभर जेवण केलं.

ती प्रत, तुमचं कपाट, तुमचे साहेब, ते तुम्हांला लखलाभ. यांना पत्र लिहू नका.

इंदुबाई


पुणे
१४ नोव्हेंबर १९६६

प्रिय झुंबर,

इंदूनं लिहू नका म्हटलं होतं, तरी लिहितो. वर्षभर पाळलं.

दिवस पालटत आहेत. पकडलेले बहुतेक लोक सुटले. निवडणुका तोंडावर आहेत. लोक आता उघड बोलतात. ते चहाचे साहेब बदलून गेले. तुझ्या वर्गातली ती हकीकत पुण्यात हळूहळू पोचली आणि तरुण लेखकांत तुझं नाव आदरानं घेतलं जातं, हे तुला ठाऊक नसेल.

मी ठरवलं आहे. 'चीन कंच्या तालुक्यात' मूळ स्वरूपात छापायची. एक शब्द न बदलता, बावट्यासकट, तोंडात मारलेल्यासकट. सोबत माझं टिपण असेल, त्यात मी सगळं कबूल करीन, माझा वाटाही. प्रत कपाटात सुरक्षित आहे. आता भिण्याचं कारण नाही. तुझी नोकरी गेली, गमावण्यासारखं तुझ्याजवळ काही उरलं नाही, आणि मलाही या ओझ्यातून मोकळं व्हायचं आहे. जानेवारीचा विशेषांक आहे. फक्त तुझी संमती कळव. ही कथा मराठीत राहील, झुंबर.

पुंजाराम


तारापूर
४ डिसेंबर १९६६

पुंजादादा,

तुम्हांला पुन्हा दादा म्हणतो आहे, कारण हे शेवटचं पत्र आहे आणि राग धरून लिहिण्याइतका दम उरलेला नाही.

मी आता केंद्राच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे हजेरी लिहितो. सकाळी सातला फाटकाशी टेबल टाकून बसतो. नगरचे, जालन्याचे, बिहारचे, सगळीकडचे लोक येतात. "बाबूजी, मेरा नाम लिखो" म्हणतात, मी लिहितो. मे महिन्यात एक दिवस मान खाली घालून विचारलं, "नाव?" उत्तर आलं, "जिवल्या." वर पाहिलं तर केस पांढरे झालेला जिवल्या समोर उभा. खडी फोडायला आला होता. त्यानं मला ओळखलं आणि तो हसला. मला हसता आलं नाही.

सहा महिने तो रोज समोरून जायचा. "गुरजी, बरं हाय?" म्हणायचा. मी मान हलवून पुढचं नाव लिहायचो. तुमचं पत्र आलं तेव्हा ठरवलं की संमती मी द्यायची नाही, त्याला विचारायचं. दुपारच्या सुट्टीत त्याला खडीच्या ढिगामागे घेऊन गेलो. समोर समुद्र होता. तो भाकर खात होता आणि मी त्याला माझी कथा तोंडी सांगितली, पहिल्यापासून.

चीनच्या वाक्याला तो खूप हसला. "बुधीच हाय ती," म्हणाला, "आसंच बोलते." मग वखार आली. हात लपवायचं आलं. करंगळी आली. तो खायचा थांबला. मी थांबलो नाही. शिडवा हे नाव कसं पडलं, कागद कोणाकडे गेला, मी वखारीची गोष्ट खरी आहे असं कशासाठी लिहिलं, सगळं सांगितलं. म्हणालो, "तुमच्या पाड्यातल्या कोणाची लबाडी नव्हती, पोलिसांची हुशारी नव्हती. माझी फुशारकी होती. चांगलं लिहिलंय असं मला कोणीतरी म्हणावं म्हणून मी सुकाचा पत्ता दिला."

त्यानं उरलेली भाकर फडक्यात बांधली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, "बुधीला यातला काय बोलू नका. ती तुमाला लय मानते."

मी म्हटलं, "ती खरी गोष्ट आता छापतायत. सगळं खरं. पोलिसांनी काय केलं ते. तू म्हणशील तर."

"कोन छापतो?"

"ज्यानं तेव्हा कागद दिला, तोच."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की त्या पाहण्यापुढे तुमची कबुली आणि माझं नाव खोडणं दोन्ही पोरखेळ वाटले. "गुरजी," तो म्हणाला, "यो आमचा कारखाना सरकारचा हाय. फाटकावर पोलीस हाय. मी आत जातो तवा माजं नाव बगतात. आता त्यात पुन्हा लिवून येनार, जिवल्या आसा होता, जिवल्याचा भाव तसा होता. नावं बदलाल तुमी. मागच्या टायमालाबी बदललीच होती ना?"

मी म्हटलं, "बदलली होती."

"आमची पोर आता चौथीत हाय," तो म्हणाला. "मला तिला शिकवायचं हाय. तुमी लिवता, गुरजी, नि धरलं आमाला जातं. नका लिवू."

दादा, तुम्ही लिहिलंत, गमावण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही. बरोबर आहे. पण ते माझं कधी नव्हतंच. गमावलं सुकानं, जिवल्यानं आणि बुधीनं, आणि आपण दोघं चार वर्षं माझ्या कथेविषयी भांडत बसलो. लिहू नको असं सरकार मला इतकी वर्षं सांगत होतं आणि मी मनातून कधी ऐकलं नाही. कुठेतरी वाटत होतं, एक दिवस ही गोष्ट छापून येईल आणि सगळ्याचा हिशेब होईल. जिवल्यानं नको म्हटलं, आणि मला त्याच्याशी वाद घालायला तोंड नाही. यात सरकार जिंकलं का, तेही मला समजत नाही. समजून घ्यायची इच्छा नाही.

तुरुंगात राजकैद्यांनी जिवल्याला अक्षरं शिकवली. मी त्याला म्हटलं, तू नको म्हटलंस असं मी कळवलं तर ते लोक मला खोटं पाडतील, तूच लिहून दे. त्यानं माझा टाक घेतला. एकेक अक्षर काढायला त्याला फार वेळ लागला, भोंगा वाजून गेला तरी तो लिहीत होता. मी काही सुधारलेलं नाही.

झुंबर

गोश्ट छापू नय. हात जोडून सांगतो.
जिवल्या